भिंतीजवळची खुर्ची

शितलचे बाबा,

बहिणीच्या पोराच्या जावळाला डोंगरकडा गावाला चालले. भाकरी टोपल्यात हायेत, पिठलं झाकून ठेवलं.

भिंतीजवळची खुर्ची हलवू नका. दुपारी दार लावून मी झोपते असं तुमाला वाटतं, पण मी झोपत न्हाई. माझ्या वजनाला खाली बसून करायचा व्यायाम झेपत न्हाई, म्हणून नर्सबाईनं सांगितलं तसं दोन महिने झाले, खुर्चीवर उठ-बस करून राहिले. आधी हात टेकत होते, आता लागत न्हाई. गुडघ्यालाही तकलीफ न्हाई.

हट्टा गावच्या लग्नात मला पंगतीतून उठवाया दोघी लागल्या, तवा तुमी दुसरीकडं पाहत बसलात. आज मी खालीच बसणार हाय. बायांची पंगत शेवटी असते, दोनच्या एसटीनं आलात तरी पोचाल.

मी उठताना मात्र माझ्याकडं पाहा.

शितलची आई