सेनापतीची कंबर

प्रिय भाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांतला एक तुमच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी वेगळा काढून ठेवलेला. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, की तुम्ही अजून लंगडत लंगडत लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खड्ड्यात उतरता, आणि डॉक्टरांनी गुडघ्याला दिलेला पट्टा आम्हाला पाठवलेल्या खोक्याला बांधलात. (खोकं ठणठणीत पोचलं. गुडघ्याचं कळवा.) इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे मी क्षेम आहे, तुमच्या दादांना काय म्हणायचं ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तुम्ही दोघे सख्खे भाऊ, एकाची चाळिशी उलटलेली, दुसरा पन्नाशीला टेकलेला, आणि वीतभर उंचीच्या एका यंत्रमानवाच्या कंबरेवरून बोलेनासे झाला आहात. लोकांचे भाऊ घरावरून भांडतात, जमिनीवरून भांडतात. ते चार माणसांत सांगता तरी येतं. मी शेजारणीला काय सांगू? शेवटी ‘वाटणीचं आहे’ म्हणून मोकळी झाले. एका अर्थी खरंच आहे ते. वरचा भाग ह्यांच्या वाट्याला, कंबरेपासून खालचा तुमच्या. महिनाअखेरीला तुमच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या मंडळाचं प्रदर्शन आहे, टेबल दोघांच्या नावावर आहे, आणि स्वारी अखंड उभी राहिली नाही तर ते टेबल त्या औषधांच्या दुकानदाराच्या जहाजांना जाणार. टेबलाचं मला सोयरसुतक नाही. पण दर रविवारी सकाळी फोनवर तुमचं जे तासन्‌तास चालायचं ते बंद पडलं, तेव्हापासून ते सगळं मला ऐकावं लागतं. रंगाआधीचा अस्तराचा हात करडा द्यावा की पांढरा, यावर ह्यांनी काल माझं मत विचारलं. भाऊजी, मला हा माणूस एकटीला झेपत नाही.

(हे पत्र जाऊबाई वाचणार हे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यासाठी खुलासा. दुकानात मिळतो तो प्लास्टिकचा साधा शिपाई. त्याची छाती, खांदे, डोकं काढून त्या जागी रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे, जाडजूड भाग बसवले की त्याचा सेनापती होतो. ते भाग वेगळ्या संचात मिळतात. माणसांतही अशी बढती मिळते, पण तिथे छाती बदलावी लागत नाही, फुगवली की भागतं.)

तर हा संच तुम्ही ह्यांच्या वाढदिवसाला पाठवलात आणि माझ्या घराचा कारखाना झाला. रेझिनच्या भागांना साच्याचा तेलकटपणा असतो, तो धुतल्याशिवाय रंग धरत नाही म्हणे. ज्या गृहस्थाने लग्नापासून स्वतःची चहाची कपबशी विसळली नाही, तो मोरीपाशी बसून सेनापतीच्या खांद्यांना साबण लावून घासत होता, तेही जुन्या टूथब्रशने. (जुना म्हणजे माझा, चालू वापरातला.) मग शिरस्त्राणाचं एक शिंग वाकडं निघालं. ते गरम पाण्यात बुडवून सरळ करायचं असतं. घरात भांडी काय थोडी आहेत? पण ह्यांना दुधाचंच पातेलं सापडलं. शिंग सरळ झालं. दुधाला त्या दिवशी जी चव होती, तिला ‘मला काही जाणवत नाही’ असं म्हणून हे दोन कप चहा प्यायले, याचं मात्र मला कौतुक वाटलं.

पुढे घासकाम. रेझिनची भुकटी छातीत जाऊ नये म्हणून बादलीत पाण्याखाली घासायचं, वर तोंडाला मुखवटा. मुखवट्यावर ह्यांनी पोहण्याचा चष्माही चढवला. नेमका त्याच वेळी विजेचं मीटर बघणारा आला. दार ह्यांनी उघडलं. तो मीटर न बघताच सरासरी आकडा टाकून गेला.

इथवर मी निभावलं. पण मग ह्यांना वाटू लागलं, मूळ छाती आपल्या हातून बिघडली तर? म्हणून तिच्यावरून आधी साचा बनवला (माझ्या बॉबिनच्या डब्यात, बॉबिनी सध्या खिडकीत पडल्या आहेत) आणि साच्यातून प्रत काढली. प्रतीत हवेचे बुडबुडे राहिले. ते रंगाऱ्याची लांबी भरून बुजवले, घासले, आणि त्या गुळगुळीत प्रतीचा पुन्हा साचा, पुन्हा प्रत. मग छातीवर दोन पट्ट्या वाढवाव्यात असं सुचलं. वाढवल्या. तिचाही साचा. अशी जी तिसरी छाती जन्माला आली ती खरंच देखणी आहे. तुमचं पायांचं खोकं आल्यावर हे ती घेऊन बसले आणि तुमच्या कंबरेचा खुंटा ह्यांच्या छातीत जाईना.

पुढचं तुम्हाला पाठ असेल, पण मी शेजारच्या खोलीत कापड बेतत होते, तेव्हा माझीही साक्ष घ्या. हे फोनवर तुम्हाला म्हणाले,

“बारक्या, तुझे पाय मोठे झालेत.”

तुमचं ऐकू येत नव्हतं, पण हे ऐकता ऐकता लाल होत गेले आणि म्हणाले, “काय? माझी छाती खोटी?” आणि फोन ठेवला. नोकरीत हे लोकांच्या जमिनी मोजतात, तिथे इंचाइंचावरून डोकी फुटतात, ती शांत करून येतात. घरी मात्र जेवताना मला विचारतात, “खोटी छाती म्हणाला तो. मला. थोरल्या भावाला.” मी म्हटलं, सेनापतीच्या छातीला म्हणाले असतील. तर म्हणे, “तेच तर!”

मी कुणाचीच बाजू घेत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाच्या कंबरेबद्दल मत देऊ नये, हा माझा धंद्यातला नियम आहे. जाऊबाईंना सप्रेम नमस्कार, मुलांना माझा एक एक पापा, आणि तुम्ही खड्ड्यात उतरताना जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. परवा हे कचेरीत गेल्यावर मी कपाटातलं मूळ धड (संचातली पहिली छाती, खांद्यांसकट) काढलं आणि तुमच्या पायांवर ठेवलं. खट्कन बसलं. रेझिन घट्ट होताना किंचित आटतं. रेझिनच्या डब्याच्या मागच्या बाजूला छापलंय तसं, पण ह्यांनी डबा पुढूनच वाचला. तीन पिढ्यांत छाती आटली. पाय तुमचे बिनचूक आहेत. म्हणूनच विनंती, की ‘दादा, माझेच पाय मोठे झाले, चूक झाली’ अशा दोन ओळी लिहून पाठवा. मग मी छाती हळूच बदलीन. तुम्ही धाकटे आहात, तुम्हाला चूक शोभते.

ता. क. २. फार नम्रपणे लिहू नका. संशय येईल.

ता. क. ३. (अक्षर ओळखशील.) बारक्या, तुझ्या वहिनीने हे पाकीट उघडंच माझ्याकडे टपालात टाकायला दिलं. ती एवढी भोळी नाही, आणि न वाचता चिकटवणारा मी नाही. मूळ धडाला तिचा हात लागल्याचं मला त्याच संध्याकाळी कळलं, डावा खांदा उजवीकडे लावून ठेवलाय. पण तिच्या आधी मीही बसवून पाहिलं होतं. बसलं. त्यानंतर फोन करायला तोंड राहिलं नाही. तू पायांबद्दल एक अक्षर लिहू नकोस, पाय चोख आहेत. या रविवारी ये. मूळ धडाच्या मानेपाशी ओतताना राहिलेला रेझिनचा गठ्ठा तसाच आहे, तो एकट्याने कापायला गेलो की धड निसटतं. करवत मी चालवीन. धरायला मात्र तूच हवास.