खोली क्रमांक नऊचा हजेरीपट

३ फेब्रुवारी, सोमवार.
मी, या शाळेतील वाणिज्य विषयाचा ज्येष्ठ शिक्षक, बी.कॉम. (प्रथम श्रेणी), वय चोपन्न, ही रोजनिशी एका निश्चित हेतूने सुरू करीत आहे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा 'सोबती गट' मंगळवारी व शुक्रवारी मधल्या सुट्टीत खोली क्रमांक नऊमध्ये बसतो. त्याची देखरेख आजपासून माझ्याकडे. मुलेच मुलांना सावरतात, मोठ्यांनी दाराबाहेर बसायचे, आतले बाहेर जाता कामा नये, असा समुपदेशक बाईंचा नियम. नियम चांगला आहे. सुधारणेस वाव आहे.
दुसरा संकल्प : सिगारेट बंद. मुलांपुढे आदर्श हवा. शेवटची ओढली, प्रयोगशाळेमागे.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
उपस्थिती सहा. गटप्रमुख अकरावीतील मुलगी. झोपेच्या गोळ्यांत बुडाली होती, सुटून आज बासष्टावा दिवस. हजेरीपट मागितला. नाही म्हणाली. मग कोण आले नाही हे कळते कसे? तर म्हणे, सहाच खुर्च्या आहेत सर, रिकामी दिसते की! याला पद्धत म्हणत नाहीत.
दु. १.४० : एक सिगारेट. जुन्याच पाकिटातील असल्याने संकल्पात धरलेली नाही. नंतर पेपरमिंट.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
फॉर्मॅट तयार केला. रकाने : अनुक्रमांक, नाव, इयत्ता, पदार्थ, शेवटचे सेवन, सही. दहावीतला उंच मुलगा (यास सारे लांबू म्हणतात) कुरकुरला, की हे काय सर, रेशनकार्ड? मुलीने एवढेच विचारले, की हे कुठे लावणार नाही ना? मी शब्द दिला : फाइलमध्ये राहील. तिने सर्वांत शेवटी सही केली, पेन बराच वेळ हातात धरून.
मुले मला फूटपट्टी म्हणतात असे कळले. काटेकोरपणाची कदर आहे तर.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.२०.
एक तांत्रिक घटना. माझ्या सहीचा प्रत्येक तक्ता ट्रेमधून उचलून विनाविलंब सूचनाफलकावर लावावा, हा दंडक मीच बारा वर्षांपूर्वी घातला होता. हजेरीपट मी सही करून ट्रेमध्ये ठेवला. शिपाईमामांनी तो आठ वाजता लावला. सव्वादहाला मी काढला. मामांना जाब विचारला, तर म्हणाले, साहेब, आजवर एक तरी कागद राहिलाय का माझ्याकडून? नाही. सिस्टिम निर्दोष चालली, हे नमूद करणे भाग आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
खोली नऊ. खुर्च्या सहा, उपस्थिती शून्य. सर्दीची साथ असावी.
मुलीच्या बाकावर कोणी खडूने 'गोळी' लिहिले आहे. मी स्वतः पुसले. नीट पुसले गेले नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
मुलगी चार दिवस गैरहजर. तिची आई ऑफिसात आली. दार लावून बसते, जेवत नाही, आता कशाला दिवस मोजू म्हणते, असे सांगत होती. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी तापाचीसुद्धा, शेजारी नेऊन ठेवल्यात म्हणे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्हीच ना ते सर? पोरीनं विश्वासानं सही केली होती हो.
मी प्रक्रिया समजावून सांगू लागलो. समुपदेशक बाईंनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला व म्हणाल्या, आधी हे प्या.
तीन सिगारेटी. ताण संकल्पात गृहीत धरलेला नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार.
मुलीसाठी निवेदन लिहिले. तीन पाने. घरी आमच्या हिने वाचले. विचारले, यात माफी कुठंय? पान तीनवर, असे मी सांगितले. तिथं तर परिशिष्ट आहे, म्हणाली. पुढे म्हणाली, आणि पेपरमिंटनं तोंड गोड होतं, शर्टाचं काय?
दुर्लक्ष केले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
मधली सुट्टी. खोली नऊच्या दाराशी वीस मिनिटे बसलो. कोणी नाही. पाच मिनिटांसाठी प्रयोगशाळेमागे गेलो.
मोडक्या बाकांवर सहाही जण बसलेले. मुलगीसुद्धा. बाकीचे रोज आळीपाळीने तिच्या दाराबाहेर जाऊन बसत होते, आत कोणी गेले नाही, काही लिहून घेतले नाही. काल तिने दार उघडले. आज तिचा शहात्तरावा दिवस.
माझ्या हातात न पेटवलेली सिगारेट. लांबू म्हणाला, या सर, वाटच बघत होतो, तुम्ही रोज येताच इथं.
निवेदन खिशातून काढले. चष्मा स्टाफरूममध्ये राहिला होता. म्हणून फक्त, चुकलो, एवढेच म्हणालो. मुलीने सरकून जागा केली. म्हणाली, बसा. इथं प्रत्येक जण आपला दिवस सांगतो.
मी पंधरा म्हणणार होतो. सहा जण पाहत होते. शून्य म्हणालो.
कोणी हसले नाही. उद्या एक होईल, मुलगी म्हणाली, फक्त कुठे लिहू नका.
लिहिले. सिगारेट तिने मागितली नाही, मी दिली नाही. ती वरच्या खिशात आहे.

(सही)
वाणिज्य शिक्षक, बी.कॉम.
स्थळ : प्रयोगशाळेमागे
१८ फेब्रुवारी, दु. १.५५