बद्द वाजणारी विहीर

वरकुटे, ११ फेब्रुवारी १९५७
सभेआधी गावाने श्रमदानाने खोदलेली विहीर पाहिली. पाणी लागले आहे. उद्या मोट सुरू. नारळ माझ्या हस्ते. सवयीने काठीने बाजू ठोकल्या. कोळशाच्या खाणीत छत ठोकून ऐकल्याशिवाय कधी पाऊल टाकले नाही, म्हणून आज निवडणूक लढवण्यास जिवंत आहे. तीन बाजू खणखणीत. पूर्वेची, जिच्या माथ्यावर मोटेचे चाक उभारले आहे, ती बद्द. चिरलेल्या मडक्यासारखी; आतून सुटलेली.

नारळ फोडण्यास नकार दिला. सरपंच तात्यांनी माझ्या काठीकडे पाहिले. मग, "भाऊसाहेब, खाणीत राहून तुमाला भ्या बसलंय. ही खाण न्हाय, हीर हाय." हशा. सभेस माणसे तुरळक. भाषण मात्र निर्दोष झाले.

इंदापूर, १२ फेब्रु.
नारळ तात्यांनीच फोडला. प्रचाराचे गाडे हाकणारा शंकरराव संतापला आहे. "मतं पडंस्तवर गप बसला असता तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो, भिंत मतदानाची तारीख पाहून थांबत नसते. वाक्य उत्तम, उपयोग शून्य.

बाभळीचे टेकू लावून देतो, असा निरोप धाडला. उत्तर आले : टेकू लावले तर गावानं वंगाळ हीर खांदली असं होईल. मूर्ख अभिमान. ओळखीचा आहे.

सणसर, १६ फेब्रु.
प्रतिस्पर्ध्याची सभा आमच्या आधी. "ज्याला हिरीत उतरायचं भ्या, त्यो मुंबईला जाऊन काय उजेड पाडणार?" टाळ्या आमच्या मांडवापर्यंत आल्या. ज्या अंधारात मी इतकी वर्षे काढली, त्यात हा गृहस्थ खाणीची एक पाळीही...
असो.

बारामती, १९ फेब्रु.
घरी जेवत असता शं. दारातून म्हणाला, "वरकुट्याचा माणूस आलाय." ताटावरून उठलो. निरोप इतकाच की आमचा सभेचा कर्णा तेथे राहिला आहे, घेऊन जावा.

सौ.ने ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "काय ऐकायला मिळेल असं वाटलं होतं तुम्हांला?"

पुन्हा ताटावर बसलो. भिंत टिकली तर मी भित्रा. ढासळली तर द्रष्टा, आणि मते माझी. खाली घागरी घेऊन उतरणाऱ्या बायकांचा विचार मनात त्यानंतर आला. क्रम हाच होता.

वरकुटे, २१ फेब्रु.
शं.ला न सांगता बाभळीचे सोट गाडीत घालून आलो. तात्यांना म्हणालो, "विहिरीत खोट नाही. भीती मला बसली आहे. तेवढ्यासाठी टेकू लावू द्या."
"समद्या गावाम्होरं म्हणाल?"
चावडीपुढे म्हणालो. लोक हसले, आणि परवानगी मिळाली. मोट मात्र थांबणार नाही.

शं.ला संध्याकाळी कळले. "झालं. आता पेटी रिकामीच."

२४ फेब्रु.
वरकुट्यातच मुक्काम. गावातले कोणी खाली उतरत नाही. इंदापुराहून दोन गडी आणले. मोट वर गेली की भिंतीतून बारीक मुरूम गळतो. तात्या काठावर बसून विडी ओढतात, पाहतात.

२५ फेब्रु., मतदान
सकाळी विहिरीतच. वरून तात्या : "भाऊसाहेब, वर या की. उमेदवार हिरीत बसलाय म्हणून शाळंपाशी लोकं हसत्यात."
"एक टेकू राहिला आहे. मोट थांबवा."
"पुन्यांदा तेच."
"मग खाली या आणि स्वतः ऐका."

वाटले नव्हते, पण आले. धोतर खोचून, एकेक पायरी. मी काठी त्यांच्या हाती दिली. पश्चिमेची बाजू ठोकली. मग पूर्वेची. कान लावला. पुन्हा ठोकली. माझ्याकडे पाहिले नाही.

मान वर करून ओरडले, "बैलं सोडा रं! बायास्नी हिकडं येऊ देऊ नका."

मग सोटाचे दुसरे टोक त्यांनी खांद्यावर घेतले. मत टाकून आले होते की नाही, मी विचारले नाही. वर शाळेपाशी कोणीतरी माझे नाव घेऊन हसत होते. मुरूम अजून गळतो आहे.