येरमाळ्याची म्हणवणारी बाई

आई, तू सगळ्यांवर संशय घ्यायचीस. दूधवाल्याच्या मापात, ड्रायव्हरच्या नोटेत, कंडक्टरच्या गोड बोलण्यात, सगळीकडं तुला काळंबेरं दिसायचं. मला त्याची लाज वाटायची. आता मी तुझ्याहून वयानं मोठी झालेय. परवा आमच्या कामवालीच्या पोरीला आखाती देशात नोकरी लावतो म्हणणारा एक माणूस दारात आला, तर मी त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून तासभर उलटतपासणी घेतली. तो पुन्हा फिरकला नाही आणि पोरगी माझ्यावर रुसली. रुसू दे.

उमरग्याच्या हमरस्त्यावर आपली खानावळ. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झालेली, हद्दीवरचे जकातीचे नाके उठलेले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकांची रीघ. तू भाकरी थापतेयस, मी तेरा-चौदाची, तांबे भरतेय, आणि ती बाई पाटावर बसलीय. कोरं इरकल लुगडं, कपाळभर मळवट, जिभेवर साखर. मुंबईला मोठी गिरणी आहे म्हणे, कापड बोटीनं विलायतेला जातं, तिकडून एवढी मागणी की हात पुरत नाहीत, आणि पोरींची बोटं चपळ म्हणून पोरीच हव्यात. राहायला खोली, सणाला लुगडं.

"म्या येरमाळ्याची लेक हाय," ती म्हणाली. "येडाईच्या पायाशी वाढले. खोटं बोलंन व्हय?"

तू भाकरी उलटलीस. "मग चैतात चुना वेचाया जात असशील की."

"चुना कशाला वेचायचा, बाई? दुकानात मिळतो."

येडाईच्या जत्रेत रानात उतरून चुन्याचे खडे वेचायचे आणि देवीला वाहायचे, हे येरमाळ्याचं शेंबडं पोरही सांगेल. पण जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं नाही हा तुझा नेम, म्हणून तिला आणखी एक भाकरी वाढलीस. ती गेल्यावर मला चुलीपाशी ओढलंस.

"ही येरमाळ्याची न्हाय. देवीच्या नावानं खोटं बोलती, ती पोरींचं काय करंल? तू जायाचं न्हाय. आन् पळत जा, तुझ्या मैतरणीच्या आईला सांग, पोरीला धाडू नगं म्हनावं."

मैत्रीण मागच्या गल्लीतली, तिचं बोचकं बांधून तयार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या बाईबरोबर ट्रकमध्ये बसून गेली.

वर्षभरानं आपल्याकडं नेहमी येणारा एक ड्रायव्हर जेवता जेवता थांबला. मुंबईत बंदराजवळच्या एका वस्तीत, जिथं बोटींवरचे खलाशी येतात, तिथं त्यानं माझ्या मैत्रिणीला दारात उभं पाहिलं होतं. ओळख पटताच तिनं तोंडावर पदर ओढला. गिरण्याही खऱ्या होत्या, बोटीही खऱ्या. माल हलायला लागला की त्याच रस्त्यानं पोरीही जातात, हे मला पुढं कळलं. तुला ते न शिकताच कळत होतं.

त्या दिवसापासून तू तिच्या आईशी बोलणं टाकलंस. "सांगून बी पोर इकली तिनं," असं चारचौघींत म्हणालीस, आणि गावानं ते उचललं. ती आली की आडावरच्या बायका बाजूला व्हायच्या. एकदा ती आपल्या दारात येऊन रडली. "मला काय ठावं नव्हतं गं, देवीची आण," म्हणाली. तू दार लावून घेतलंस. मी आत चुलीत फुंकर घालत बसले होते.

मी निरोप घेऊन गेलेच नव्हते, आई. मैत्रीण म्हणाली होती, तिथं पोचले की तुला बोलावून घेते. तिचं जाणं मोडलं असतं तर माझंही मोडलं असतं. मी देवळामागं थोडा वेळ बसले, परत आले आणि म्हणाले, सांगितलं. तू फक्त मान हलवलीस.

तू गेलीस, मागोमाग तिची आईही गेली, शेवटपर्यंत गावाचं बोलणं ऐकत. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ते आज लिहू शकले. तिनं पोर विकली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.