तिसरीचा पहिला तास कुणाच्या नावे

तिसरीच्या पालकांनो, शाळेतल्या शिक्षकांनो, आणि सगळ्यांच्या आधी माझ्या धाकट्या बहिणी,

आपल्या सर्वांचं रडगाणं एकच आहे: मुलं वाचत नाहीत, मनाने चार ओळी लिहीत नाहीत. दोष मात्र प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतो.

मी, याच शाळेची निवृत्त शिक्षिका, पाठीमागे जिला 'तोफ' म्हणतात ती, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मला ठाऊक आहे. मला तेवढा धीर नाही. याची एक प्रत पालकसभेत मीच वाचणार आहे. डॉक्टर म्हणाले, छाती सांभाळा, बोलणं कमी करा. म्हणून आधी लिहून काढते.

कलम एक, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळका नळ धाकटीला. ती या शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि येत्या सत्रापासून तिसरीचा पहिला तास वेळापत्रकातून काढून तिथे उतारालेखन ठेवायचं तिने ठरवलं आहे. निवृत्तीनंतरही तो तास मीच घेते. वकीलसाहेबांनी सुचवलं, तास चालू ठेवायची अट घाला, मगच घर द्या. मी नको म्हटलं. अट घालून बहिणीला नमवता येईल, पटवता येणार नाही. घर तिचं, बिनशर्त.

कलम दोन, पोस्टातली शिल्लक. त्या पैशांतून गोष्टींची पुस्तकं घ्यावीत आणि ती वर्गात, मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवावीत. कपाटात ठेवू नयेत. आमच्या कपाटाची चावी कारकुनाच्या खिशात असते आणि कारकून रजेवर असतो. पुस्तकं फाटतील, असं तो म्हणेल. फाटू द्यावीत. आजवरची सगळी नवीकोरी राहिली, याचीच शाळेला लाज वाटायला हवी.

कलम तीन, हत्यारं. शब्दांची पिशवी बालवाडीच्या बाईंना. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मी त्यांवर शब्द लिहिले आहेत: कुलूप, मामा, खाज, उशीर. मुलाने डोळे मिटून तीन काढायचे आणि त्यांचं वाक्य करायचं. 'मामाला खाज उशिरा सुटली' हे वाक्य झालं त्या दिवशी अख्खा वर्ग लिहीत सुटला होता. पिशवीत सदाचार, परिश्रम असले शब्द कोंबू नयेत. त्यांना कुणी हसत नाही, म्हणून त्यांच्यावर कुणी मनापासून लिहीतही नाही.

कलम चार, राग. याचे वाटेकरी बरेच आहेत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी एका मुलाच्या वहीतला उतारा पाहून "वा, मोत्यासारखं अक्षर" म्हटलं. मी म्हटलं, राजा, वाचून दाखव. तो म्हणाला, "बाई, मी फक्त लिहितो. वाचायला हा आहे," आणि शेजारच्याकडे बोट दाखवलं. साहेब पोट धरून हसले. मला अजून हसू आलेलं नाही. उतारा उतरवणं म्हणजे लिहिणं नव्हे. ते अक्षरांचं चित्र काढणं झालं, तेही दुसऱ्याचं बघून.

पण मोठा वाटा धाकटे, तुझा.

माझ्या तासाची रीत साधी आहे. मुलाने स्वतःचं एक वाक्य लिहायचं आणि उभं राहून वाचायचं. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. उत्तर आलं की ते झालं दुसरं वाक्य. चुका दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायच्या. मी आजारी होते तेव्हा माझ्या जागी तासाला तू गेलीस. खिडकीजवळच्या त्या मुलीने, जी तोवर काहीच लिहीत नव्हती, लिहिलं होतं: 'माझी आजी मरली.' तू लाल पेनाने 'मरली'भोवती गोल केलास, वर 'वारली' लिहिलंस आणि तेच वाक्य पानभर लिहायला लावलंस.

मी भांडायला आले तेव्हा तुझं उत्तर तयार होतं. "ताई, 'मरली' असं रूपच नाही. शुद्ध शिकवू नको का मी?"

"शिकव ना. पण आधी आजीला काय झालं होतं, ते तरी विचारायचंस."

त्या मुलीने तेव्हापासून स्वतःचं काही लिहिलेलं नाही. आता ती लिहिते, 'हे घर आहे. हे झाड आहे.' एकही चूक नसते. तिला कुणी काही विचारतही नाही, कारण त्या वाक्यांत विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. उतारालेखन लागलं की सगळा वर्ग असाच बिनचूक होईल. ही धास्ती मला पाठ टेकू देत नाही. अंथरुणावरून उठून फेऱ्या मारते आणि पुन्हा लिहायला बसते.

कलम पाच, शोकसभा. घेऊ नये. माझ्यापुढे ज्यांना कधी बोलायला मिळालं नाही, ते त्या दिवशी थांबणार नाहीत.

कलम सहा. हा तास मी कुणाच्या नावे करू शकत नाही, असं वकीलसाहेब सांगतात. तो माझ्या मालकीचा नाही. खरं आहे. तो तुझ्या सहीवर आहे. म्हणून धाकटे, सोमवारी पहिल्या तासाला तिसरीत ये. पेन ऑफिसात ठेव आणि मागच्या बाकावर बस. ती मुलगी 'हे घर आहे' असं वाचेल. तेव्हा हात वर कर आणि तिला असा एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही.

लिहून देणार: ताई, उर्फ तोफ (सही)
साक्षीदार: १. वकीलसाहेब (सही) २. घंटा देणारे शिपाईमामा (सही)
सह्यांचं ठिकाण: तिसरीचा वर्ग, फळ्यासमोरचं टेबल
दिनांक: चालू सत्राच्या शेवटच्या आठवड्याआधीचा शनिवार