एक सीट दुर्गाडी

ठाकुर्ली,
२९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
मेघनाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझ्या कानाचं मशीन अजून दुरुस्त होऊन आलं नाही असं आईकडून कळलं. फोनवर आपण दोघी नुसत्या हॅलो हॅलो करून दमतो, त्यापेक्षा पत्र बरं. तू पत्रं उशीखाली जपून ठेवतेस, त्यामुळे मला जरा विचार करून लिहावं लागतं एवढंच.

बातमी अशी की मी कल्याण दाखवणार आहे. हसू नकोस. तीन मार्चपासून ऐरोलीच्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी ठरली आहे, ते तुला माहीत आहे. पण इतिहास घेऊन पदवी मिळवायची आणि तक्रारी ऐकत बसायचं, हे मनाला पटेना. म्हणून मी बाबांकडे फेब्रुवारीतले चार रविवार मागितले. बाबांच्या रिक्षातून पाहुण्यांना फिरवायचं: पारनाका, जुना बाजार, काळा तलावाची बाग आणि शेवटी टेकडीवरचा दुर्गाडी किल्ला. ठाण्याच्या हेमाताई म्हणून आहेत, त्यांची संस्था जुन्या गावांतून अशा फेऱ्या काढते. त्या चौथ्या रविवारी बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर कल्याणची फेरी कायमची माझी, आणि ऐरोली रद्द.

बाबा म्हणाले, रविवारी सकाळी लाइनीत माझा दुसरा नंबर असतो, तो सोडावा लागेल. आणि सोडला. मी चौदा पानी टिपण काढलं आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या लोकांचा उल्लेख आहे, तिथून सुरुवात करते. आईला पूर्ण वाचून दाखवलं. सहाव्या पानाला तिने विचारलं, यात चहाला कधी थांबायचं?

आत्या, आपल्या गावाला केवढा इतिहास आहे आणि आपण त्याच्यावरून रोज नुसते ये-जा करतो! हे बदललं पाहिजे.

तुझी माया आहे तशी असू दे, आणि यशाची इच्छा थोडी जास्त कर.

तुझी,
मेघना, बी. ए.

---

वर्तकनगर, ठाणे,
१ फेब्रुवारी २०२५

चि. मेघना हिस,
रमाआत्याचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पावलं. सहीखाली बी. ए. लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मला वाटलं असतं दुसरीच कुणी मेघना. मी शाळेत आया म्हणून तीस वर्षं घंटा वाजवली, पण सहीखाली घंटा कधी काढली नाही.

चांगलं करते आहेस. फक्त चौदा पानं जास्त आहेत. आमच्या हेडबाई दोन पानांच्या पुढे गेल्या की अख्खं प्रांगण पाय बदलायला लागायचं. आणि दगडूला सांभाळ. माझा भाऊ बोलतो कमी, पण रिक्षात बसला की तो त्या रिक्षाचा यजमान असतो. तू त्याच्या घरी पाहुणे घेऊन चाललीस, हे ध्यानात ठेव.

माझं बरं आहे. गुडघा आपल्या जागी दुखतो आहे. येत जा, येणं नाही तर लिहीत जा.

तुझी आत्या,
रमाबाई

---

ठाकुर्ली,
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
मेघनाचा जय भीम. वि. वि.

दोन रविवार झाले. तुझ्याशिवाय कुणाला सांगू कळत नाही.

पहिल्या रविवारी ठाण्याचं एक जोडपं आलं होतं. ते दोघं मागे, आणि मी पुढे बाबांच्या शेजारी, ती आपली चौथी सीट असते ना, नियमाबाहेरची, तिच्यावर अर्धी लटकून, मान मागे वळवून बोलत होते. म्हणजे मागे एक सीट रिकामी. मी नुकतीच दोन हजार वर्षं मागे गेले होते, व्यापारी, गलबतं, बंदर, सगळं रंगात आलं होतं. तेवढ्यात बाबांनी ब्रेक मारला, डोकं बाहेर काढून एक सीट दुर्गाडी अशी हाळी दिली आणि एका मावशीला आत घेतलं. पाटीसकट. पाटीत बोंबील.

पाहुणीने ओढणी नाकाला लावली. मी बंदरावरच अडकले. मावशी मात्र ऐसपैस बसली आणि मला म्हणाली, तू बोल गो पोरी, मी आयकतंय. पाच मिनिटं ऐकलं आणि मग तिनेच सुरुवात केली. खाडीत कुठल्या वळणाला पूर्वी होड्या लागायच्या, तिचा आजा रेती कशी काढायचा. पाहुण्यांनी माझ्याकडची मान तिच्याकडे वळवली ती दुर्गाडीपर्यंत परत आली नाही. उतरताना त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला. माझ्याबरोबर नाही. फोटो मीच काढला.

घरी आल्यावर मी बाबांना नीट समजावलं की ही टूर आहे, शेअर रिक्षा नाही. बाबा म्हणाले, सवय आहे, बघतो.

काल दुसरा रविवार. ठाण्याच्याच दोन निवृत्त शिक्षिका. लाल चौकीला काठी घेतलेले एक आजोबा उन्हात उभे होते आणि बाबा थांबले. मी गप्प राहिले, हे माझ्या बाजूने लिहून ठेव. पण पुढे बाबांनी त्या शिक्षिकांना सांगितलं की दुर्गाडीतून थेट ठाण्यापर्यंत भुयार आहे, घोडा पळेल एवढं रुंद. एक बाई वहीत लिहून घ्यायला लागली. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणाले की याला कसलाही पुरावा नाही, बाबा, तुम्ही फक्त गाडी चालवा.

आत्या, तेव्हापासून बाबा फक्त गाडी चालवतात. रात्री जेवताना मी मीठ मागितलं तर त्यांनी आईकडे बघितलं. आईने सांगितलं की ते म्हणतात, आपण फक्त गाडी चालवतो, मिठाचं ज्याला माहीत त्याला विचार. सकाळी ते आईला एवढंच सांगून गेले की येत्या रविवारी आपला नंबर लाइनीतच लावणार आहेत.

तिसऱ्या रविवारची फेरी मला रद्द करावी लागेल. चौथ्याला हेमाताई येणार. भाड्याची दुसरी रिक्षा मिळेल, पण अजून मी कुणालाच विचारलेलं नाही. चौदा पानांत असं काही झालं तर काय करायचं ते लिहिलेलं नाही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी,
मेघना

---

वर्तकनगर, ठाणे,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. मेघना हिस,
आशीर्वाद.

रागावले आहे. पण आधी हसले, म्हणून राग कमी उरला.

तुझं भुयाराबद्दलचं बोलणं खरं असेल. मला त्यातलं कळत नाही. पण चारचौघांत बापाला गप्प करायला पुरावा लागत नाही, तोंड पुरतं. ते तुझ्याकडे आहे, माझ्याकडून आलंय.

सीटचं सांगते. नवी रिक्षा घेतली तेव्हा दगडू मला आणायला इथवर आला होता. परत जाताना रस्त्यात एक बाळंतीण पोर घेऊन उभी होती, तिला बसवलं. मी म्हटलं, अरे, पहिल्या दिवशी तरी बहिणीला एकटीला मिरव. तर म्हणाला, अक्का, आत जागा आणि बाहेर माणूस, हे मला बघवत नाही. त्याचा एवढाच धर्म आहे बघ. सवय नाही ती.

आता माफी माग. तोंडी मागू नको, तू बोलायला लागलीस की समजावून सांगायला लागतेस. लिहून दे. त्यात इतिहास घालू नको. एका पानाच्या वर गेलीस तर मी ओळख दाखवणार नाही.

काय होतं ते कळव. माझी काळजी करू नको, माझ्याकडे आता तुझी करायला आहे.

तुझी आत्या,
रमाबाई

---

ठाकुर्ली,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
मेघनाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही चार हातांवर झोपला आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. तुमच्या खाकी शर्टाच्या खिशात ठेवते. आत्याने एक पान दिलं आहे.

मी लोकांसमोर तुम्हाला बोलले ते चुकलं. हे वाक्य मी सहा वेळा लिहिलं. पाच वेळा त्याच्यापुढे 'पण' आला, म्हणून ते कागद फाडले.

काल रविवारी फेरी नव्हती. मी एकटीच पायी दुर्गाडीपर्यंत गेले. तुम्ही लाइनीत पाचवे होतात. मी पलीकडच्या फुटपाथवरून गेले, तुम्ही बघितलंत आणि मान वळवलीत. वाटेत मला कळलं की मला रस्ते फक्त नावाने माहीत आहेत. कुठे सावली असते, कुठे खड्डा, कुठल्या दुकानात पाणी देतात, यातलं काही टिपणात नाही. ते तुम्ही सांगत होतात आणि मी वाट बघत होते की तुमचं कधी संपतं.

तुम्ही आला नाहीत तर मी हेमाताईंना नाही म्हणून कळवीन. दुसरी रिक्षा घेणार नाही. हा हट्ट नाही. तुमच्याशिवाय ती फेरी म्हणजे माझं पाठांतर.

तुमची माया कमी झाली असेल तर ती माझ्यामुळे. जमेल तेव्हा पूर्ववत करावी.

तुमची,
मेघना

---

ठाकुर्ली, स्टँड,
१८ तारीख

चि. मेघना,
जय भीम.

पत्र मिळालं. पुन्हा शर्टाच्या खिशात ठेवू नको, घामाने शाई पसरते. खालचं अर्धं पान वाचता आलं नाही. माफी मागितल्यासारखं वाटलं, ते वरच्या अर्ध्यात होतं.

भुयार मी बनवलेलं नाही. एका पॅसेंजरने सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं ते विचारायच्या आधी त्याचा स्टॉप आला. सव्वीस वर्षं मी दुर्गाडीच्या पायथ्याशी माणसं सोडली. वर जायचं म्हटलं की लाइनीतला नंबर जातो, म्हणून कधी गेलो नाही. उतरणारी माणसं आणि परत बसणारी माणसं जे बोलली, तेवढाच माझा किल्ला. त्यात खरं किती, ते तू बघ. त्यासाठीच शिकवली.

रविवारी येतो. आत जागा असेल आणि बाहेर माणूस उन्हात असेल तर थांबणार. आधीच सांगून ठेवतो. तू पुढे लटकू नको, मागे बस. चुकलो तर घरी बोल.

तुझा,
बाबा

---

ठाकुर्ली,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
मेघनाचा सविनय जय भीम. वि. वि.

बाबांचं पत्र तुला दाखवीन, पण ठेवायला देणार नाही.

कालचं सांगते. हेमाताई एकट्याच आल्या, उंच, शांत, हातात छापील तक्ता. मी त्यांच्या शेजारी मागे बसले. टिपण घरी ठेवलं होतं. धाडस म्हणून नाही, घाईत राहिलं. मग जे आठवलं तेवढंच बोलले आणि मध्ये मध्ये बाबांना विचारत गेले. बाबा आधी मोजून बोलत होते, पारनाक्यानंतर मोजणं सोडलं.

काळा तलावाला बाग बघून निघालो तर फाटकाबाहेर तिथले माळी, सखारामकाका, उभे होते. डोक्यावर टळटळीत ऊन आणि हातात जास्वंदीच्या फांद्यांची जुडी. बाबांनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. आरशातून माझ्याकडे बघितलं. आत्या, मीच त्यांच्या खांद्यावर हात मारला आणि डोकं बाहेर काढून काकांना हाळी दिली. माझा आवाज फारच बारीक आला. बाबा म्हणाले, अगं, दुर्गाडी म्हणतेस की भीक मागतेस? हेमाताई हसल्या. सखारामकाकांनी त्यांच्या मांडीवर अर्धी जुडी टेकवली आणि कुठली फांदी कुंडीत लागते, कुठली नुसती पानं दाखवून फसवते, ते लाल चौकीपर्यंत सांगितलं.

पायथ्याशी आल्यावर बाबा नेहमीसारखे हँडलवर हात ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, चला. त्यांनी आधी गाडीचं कारण सांगितलं, मग चपलेचं. सखारामकाका म्हणाले, जा रे दगडू, मी बसतो राखणीला. मग आले.

पायऱ्या चढताना ते लहान मुलासारखे प्रत्येक वळणावर थांबत होते. वर पोचल्यावर माझं आरमाराचं भाषण होतं, सगळ्यात तयार असलेलं. ते मी केलंच नाही. बाबा कठड्याशी उभे होते. खाडी बघितली, पूल बघितला, आणि मग बराच वेळ खाली बघत राहिले. मला वाटलं भरून आलं असेल. जवळ गेले तर म्हणाले, आपल्या रिक्षाचा टप वरून पार फाटलाय, खालून दिसतच नव्हतं.

हेमाताईंनी निघताना स्पष्ट सांगितलं. मी त्यांना हवी आहे. पण त्यांची स्वतःची बॅटरीवरची गाडी, त्यांचा ड्रायव्हर आणि वाटेत कुणाला घ्यायचं नाही. नियम वाईट नाही, पाहुण्यांची जबाबदारी असते. महिन्यापूर्वी मी गाडीचा रंगसुद्धा न विचारता हो म्हटलं असतं. काल मी नाही म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की नंतर बाबांनीच विचारलं, नीट ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या? तर तीन मार्चला मी ऐरोलीला तक्रारी ऐकायला जाते आहे. थोडी रडले, ते तुला सांगायला हरकत नाही. जगात कुणी मागितलं नव्हतं ते तत्त्व पाळून नोकरी घालवणारी मी आपल्या घरातली पहिलीच पदवीधर.

पण ऐक. आज दुपारी बाबा स्टँडवरून आले आणि म्हणाले, येत्या रविवारी सकाळी मोकळी राहा. त्यांनी लाइनीत सांगितलं की आपण वर जाऊन आलो. तर रतनकाका म्हणाले, माझी बावीस वर्षं झाली, मी पण नाही गेलो. पोपटकाकांची तीस. एकेक करत कळलं की अख्ख्या लाइनीत वर गेलेला माणूस आता एकच, दगडू. तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे नंबर लावले. पहिल्या फेरीला मागे तिघं बसणार, दोन मार्चला, आणि मी पुन्हा पुढे लटकणार. भांडण एवढंच चाललं आहे की मागे बसायची सवय कुणालाच नाही, आणि बाबा चालवताना कुणी ब्रेकबद्दल बोलायचं नाही अशी बाबांची अट आहे.

हेमाताईंची मला वाटली नव्हती तेवढी या तिघांची भीती वाटते आहे. पायथ्यापर्यंत ते मला बोलू देणार नाहीत, आणि बरोबर आहे, तो रस्ता त्यांचा आहे. पहिल्या पायरीपासून मात्र तिघंही माझ्याकडे बघणार. आज पुन्हा टिपण काढून बसले आहे.

लोभ असू द्यावा, आणि गुडघा बरा असेल तर तूही ये. तुझा नंबर अकरावा लागला आहे.

तुझी,
मेघना