तुझ्या नावावर माझा हात

सिल्वासा, मंगळवार, १२ मार्च १९९६

प्रिय दादा,

आज कारखान्यात कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी होती. पहिली पाळी संपवून रांगेत उभा राहिलो. चारला खोलीवर आलो, कपडे धुतले आणि वही घेऊन बसलो. तू गेल्याला पाच वर्षं झाली, पण तुला लिहावं असं कधी सुचलं नाही. आज लिहितोय, कारण रांगेतल्या सुभाषने मला तेच विचारलं, जे तू विचारलं होतंस.

"भाऊ, माझं प्रेशर वाढलेलं निघतं. पर्मनंटची यादी लागायचीय. माझं नाव पुकारलं की तुम्हीच जा ना आत!"

मी नाही म्हणालो. तो हसला. "भावासाठी दोनदा गेला होतात की! आम्ही काय परके?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, दादा! मला वाटायचं, ते आपल्या दोघांतच आहे.

तुला आठवतं? प्रेशरमुळे त्या वर्षी तुझं नाव यादीतून गळलं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या, रोज घ्यायला सांगितल्या. पुढच्या तपासणीला तू माझी बाही ओढलीस. "मना हात काय नि तुना हात काय, एकच शे!" आणि हसलास. रागावून सांगितलं असतंस, तर कदाचित मी ऐकलं नसतं.

डॉक्टरांना दुपारभरात सगळा कारखाना उरकायचा असे. तोंडाकडे कोण बघतो? तुझा निळा शर्ट घालून मी बसलो. पट्टा फुगला, उतरला.

"बॉयलरवर असून प्रेशर इतकं छान? मीठ कमी खाता वाटतं!"

मी मान हलवली. संध्याकाळी हे ऐकून तू खारातली मिरची तोंडात टाकलीस आणि ठसका लागेपर्यंत हसलास. मीही हसलो.

तू पर्मनंट झालास, सामरवरणीत खोली घेतलीस, वहिनीला गावाहून आणलंस. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. तो आकडा कोणाचा, हे आपल्याला माहीत होतं. तरी हळूहळू तुला तो खरा का वाटायला लागला? "मला कुठं काय होतंय? ना डोकं दुखतं, ना चक्कर." गोळ्या फळीवर तशाच राहिल्या. मी त्या बघत होतो. एकदा तरी बोलायला हवं होतं ना मी!

बॉयलरचा काटा जरा वर गेला, तर तू हातातला घास टाकून धावायचास. दर तासाला वहीत आकडा लिहायचास, कधी अंदाजाने लिहिला नाहीस. स्वतःचा मात्र माझ्याकडून लिहून घेतलास.

मग त्या सकाळी बूट घालताना तू एका अंगावर कोसळलास. तोंड वाकडं झालं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "यांना प्रेशरचा त्रास होता का?" वहिनीने पिशवीतून कारखान्याचा कागद काढला. "नाही हो. दरवर्षी तपासतात. हे बघा ना, एकदम चांगलं आहे."

किती विश्वासाने दाखवला तिने! मी शेजारी उभा होतो. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चौथ्या दिवशी तू गेलास.

आज माझं नाव आलं तेव्हा मी स्वतःचा हात पुढे केला. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. वाढलंय. "घरात कोणाला होतं का?"

"मोठ्या भावाला होतं," मी म्हणालो. पाच वर्षांत पहिल्यांदा.

ते म्हणाले, दुखत नाही म्हणून माणसं गोळी सोडतात. आत मात्र मेंदूच्या नसा, हृदय, मूत्रपिंड यांना मार बसत राहतो. दारात सुभाष उभा होता. त्याला म्हटलं, "ऐकलंस ना? आता तुझा हात दे." तो चिडला, पण बसला.

दादा, वहिनी तो कागद अजून गावी ट्रंकेत जपून ठेवते. कारखान्यानेच नीट तपासलं नाही, असं ती सगळ्यांना सांगते. येत्या रविवारी मी जाणार आहे. तो आकडा माझ्या हाताचा होता, हे तिला मी सांगेन. ती बोलेल ते ऐकून घेईन. उठून जाणार नाही.

भात झालाय. मिरचीची बरणी आज खाली काढली नाही. जेवतो आणि डॉक्टरांनी दिलेली पहिली गोळी घेतो.

तुझा धाकटा,
मधुकर